भिवापूरच्या कबरस्तानात पूर्व दिशा शोधताना

या ब्लॉगवर आजवर मी किल्ले, जंगलं आणि फसलेली हॉटेलं लिहिली. कबरस्तानावर पहिल्यांदाच लिहितोय, आणि त्याला कारण सुमनमावशी.

मावशी रिटायर्ड नर्स, मूलबाळ नाही. काकांना जाऊन तीन वर्षं झाली. ते मूळचे भिवापूरचे, म्हणून तिथल्या छोट्या ख्रिस्ती कबरस्तानात त्यांना पुरलं. मावशी तेव्हा खुब्याचं हाड मोडून नागपुरात पलंगावर पडली होती, तिला जाता आलं नाही. आता कबरेवर दगडी क्रॉस बसला आणि तिच्या दिराने, म्हणजे प्रभाकरकाकांनी, हौसेने घरच्या ग्रुपवर फोटो पाठवला. सकाळची वेळ, पुढे कबर, तिच्या पलीकडच्या टोकाला क्रॉस आणि क्रॉसच्या मागून सूर्य वर येतोय. फोटो छान होता. मी अंगठा पाठवून मोकळा झालो. मावशीने मात्र मला फोन लावला.

"सूर्य क्रॉसच्या मागं काहून आहे?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्यात माणसाला पुरताना पाय पूर्वेकडे, डोकं पश्चिमेकडे ठेवतात, आणि क्रॉस डोक्याशी. प्रभू पूर्वेकडून येणार, मेलेले उठणार, आणि उठून बसणाऱ्याचं तोंड थेट त्याच्याकडे हवं. म्हणजे क्रॉस पश्चिमेला पाहिजे. फोटोत तो पूर्वेला होता. मावशीच्या मते काकांना उलटं ठेवलं गेलं होतं, आणि देवाचं राज्य येईल त्या सकाळी हा माणूस प्रभूला पाठ करून बसलेला असणार होता.

मी हसलो. मी नाताळचा केक खाण्यापुरता ख्रिस्ती.

"हासून नको राहू," मावशी म्हणाली. "मी कवा जाईन सांगता येत नाही. जायच्या आधी मले हे डोळ्यानं पाहू दे गा."

शनिवारी सकाळी धरमपेठेतून निघालो, मावशीला तिच्या घरून घेतलं. नागपुरातून उपाशीपोटी निघणं हे पाप असल्यामुळे आधी तर्रीपोहे. मावशीने तर्री दोनदा मागून घेतली. परलोकाची चिंता भुकेच्या आड येत नाही, असं दिसलं. पुढे उमरेडचा रस्ता. रस्ता चांगला आहे, पण कोळशाचे ट्रक भेटतात आणि ते कोणासाठी बाजूला होत नाहीत. उमरेडला चहा घ्या, गाडीची काच पुसा. रमतगमत दोन तास धरा. जाऊन-येऊन पेट्रोल हजारात भागलं.

फेब्रुवारीत गेलात तर भिवापूर नाकाने ओळखता येतं. अंगणाअंगणात लाल मिरच्या वाळत घातलेल्या असतात. मी शिंकत उतरलो. मावशी उतरली ती सरळ कबरस्तानाच्या दिशेने चालू लागली.

प्रवेश मोफत, मुक्काम लांबचा. कडुनिंबाची दोन झाडं, अरुंद लोखंडी फाटक, आत पंचवीसेक कबरी. मी मोबाइलमधलं होकायंत्र काढलं आणि मोहिमेवर आलेल्या माणसासारखा कबरींच्या कडेने फिरलो. यंत्राने मावशीच्या बाजूने निकाल दिला. इतर सगळे क्रॉस पश्चिमेला, आमच्या काकांचा तेवढा पूर्वेला.

प्रभाकरकाका आणि इथले तरुण पाळकसाहेब येऊन थांबले होते.

"सलाम वहिनी," प्रभाकरकाका म्हणाले. "गवंड्यानं मुद्दाम या बाजूनं बसवला. पायवाट इकडं आहे ना. येणाऱ्या-जाणाऱ्याले नाव वाचता आलं पाहिजे."

"नाव राहू द्या. डोकं कोण्या बाजूले आहे?"

प्रभाकरकाका घुटमळले. "पश्चिमेलेच असन."

"असन?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पेटी फाटकातून सरळ जाईना. तिरपी केली, मागे घेतली, पुन्हा फिरवली. सगळे रडत होते, अंधार पडत आला होता, आणि झाकण बंद होतं. कोणती बाजू डोक्याची, ते त्या गडबडीत कोणी पाहिलंच नाही. "पेटी दोन्हीकडून सारखीच दिसे वहिनी," ते खालच्या आवाजात म्हणाले.

मला हसू आवरेना, म्हणून मी कडुनिंबाकडे बघत उभा राहिलो. पाळकसाहेब समजुतीने पुढे आले.

"मावशी, प्रभूले दिशा लागत नाही. जो उठवू शकते, तो वळवू बी शकते."

"तो वळवीन हो," मावशी म्हणाली. "हे वळतीन का? आख्ख्या संसारात मी यांना एका गोष्टीवरून वळवू नाही शकले."

उकरून बघायचं का, असं प्रभाकरकाकांनी चाचरत विचारलं. मावशी नको म्हणाली. ती कबरेच्या कडेला बसली आणि दगडावरचा पाला हाताने बाजूला करत राहिली. तेव्हा माझं हसू गेलं. तीन वर्षांत तिने ही जागा फक्त त्या एका फोटोत पाहिली होती.

मग तिने शेजारच्या मोकळ्या जमिनीवर हात ठेवला. "माझी जागा ही. अन् माझं डोकं यांच्या क्रॉसकडंच ठेवजा."

"म्हणजे पूर्वेला? तुम्ही उलट्या होसान!" पाळकसाहेब घाबरलेच.

"हे उलटे असतीन तर मी बी उलटी. दोघं सोबत वळू."

"अन् काका सुलटे असले तर?" मी विचारलं.

मावशीने विचार केला, आणि तिचा चेहरा एकदम उजळला. "मंग तर बेसच. समोरासमोर उठू. प्रभू माझ्या पाठीमागून येईन, अन् हेच मले सांगतीन, सुमन, मागं पाह, कोण आलं."

पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. आमेन मीही म्हणालो, आणि सवयीपेक्षा जरा मोठ्याने.

प्रभाकरकाकांकडे जेवलो. वरण-भात, गावरान कोंबडी आणि भिवापुरी मिरचीचा ठेचा. ठेचा जपून घ्या. मावशी पोटभर जेवली, दिरालाही तिने माफ केलं, आणि परतीच्या वाटेवर गाडीत झोपली. उमरेडच्या पुढे जाग आली तेव्हा मला म्हणाली, "हे लोक ऐनवेळी गडबड करतात. तू जातीनं उभा राहजो. डोकं पूर्वेले. पेटीवर आधीच खूण करून ठेवजो." मी हो म्हणालो. नाही कसं म्हणणार?

आता घरी बसून हे लिहितोय. मिरच्यांची पिशवी स्वयंपाकघरात आहे, सगळं घर शिंकतंय. देवाच्या त्या राज्यावर माझा विश्वास कालही नव्हता, आजही नाही. मावशी ठणठणीत आहे, अजून वीस वर्षं तर्री खाईल. पण काल रात्रीपासून एकच भीती मनात बसली आहे. ती सकाळ खरंच उगवली, आणि माझ्या एखाद्या चुकीमुळे मावशी भलत्याच दिशेला, म्हणजे इतरांसारखी थेट पूर्वेला, तोंड करून उठली, तर काकांना तिला हाक मारून सांगायचं राहून जाईल.