पायपट्ट्यांचं वाण

डॉ. प्रज्ञा यांनी सुदर्शनला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो आपला उजवा पाय एका घोणशीपुढे नैवेद्यासारखा ठेवून उभा होता. त्या दिवशी पिंपळवंडीत चुली पेटल्या नाहीत, एसटीच्या ड्रायव्हरने प्रवाशांसकट गाडी हायवेवर सोडून दिली, आणि बिबट्यासुद्धा उसातून मान काढून बघत होता, असं लोक आजही शपथेवर सांगतात. घोणस मात्र रुसलेल्या विहिणीसारखी तोंड फिरवून बसली होती. सर्पमित्राने काठीने डिवचून पाहिलं, सुदर्शनने पाय नाचवून पाहिला. शेवटी त्याचे वडील धर्माजी ओट्यावरून ओरडले, "चाव की गं बये! माझ्या टायमाला लई घाई व्हती तुला!" बया ढिम्म.

"एक माणूस मुद्दाम साप चावून घेतोय," असा फोन ग्रामीण रुग्णालयात गेला होता. सर्पदंशाच्या अभ्यासासाठी पुण्याच्या मेडिकल कॉलेजातून आलेल्या प्रज्ञाबाई अँब्युलन्समध्येच बसून निघाल्या. उतरताच त्यांनी सुदर्शनला एवढं झापलं, की घोणस आपण होऊन पिशवीत शिरली.

झापून दम लागल्यावर त्यांचं लक्ष त्याच्या पायाकडे गेलं. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत काळाकुळकुळीत पट्टा. "हे काय आहे?"

"पायपट्टा, मॅडम. आत शेततळ्याचा प्लॅस्टिक कागद, बाहेरून ट्रॅक्टरच्या सीटचं रेक्झिन."

सुदर्शन हायवेलगत पत्र्याच्या शेडमध्ये ट्रॅक्टरच्या सीटा शिवायचा. धर्माजींना टोमॅटोच्या वावरात घोणस चावली होती. जीव वाचला, पण डावा पाय वाळलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखा झाला. तेव्हापासून गावातल्या बाया चपलेवर निंदायला निघाल्या की सुदर्शनची नजर त्यांच्या उघड्या घोट्यांवर जायची. महिनाभर आरीने टोचून टोचून त्याने हा एक पट्टा शिवला होता.

छोट्या उद्योजकाने वैद्यकीय संस्थेबरोबर संशोधन केलं, तर सरकार अनुदान देतं. प्रज्ञाबाईंनी खटपट केली आणि अनुदान मंजूर झालं. जाड सुईचं शिलाई मशीन आलं, रेक्झिनचे तागे आले, आणि पत्र्याची शेड 'उद्योग भागीदार' झाली. सुदर्शनने त्याची पाटी इतकी मोठी लावली, की शेड तिच्या आधाराने उभी आहे असं वाटे. शेजारचे लोक हाक मारू लागले, "ओ भागीदार, आमच्या बुलेटची सीट फाटलीय, तेवढं संशोधन करा की!"

प्रज्ञाबाईंनी गावात सगळं समजावून सांगितलं. चिठ्ठ्या टाकून अर्ध्या मजूर बायांना यंदा पट्टे मिळतील, अर्ध्यांना पुढच्या वर्षी. दोन्हीकडच्या सर्पदंशांत फरक दिसला, तर सरकार जिल्ह्यातल्या प्रत्येक मजूर बाईला पट्टे देईल. नाही दिसला, तर विषय संपला.

सुदर्शनची आई सारजाबाई हिला चिठ्ठीत पट्टे लागले. तिची जन्माची मैत्रीण साळुबाई हिला लागले नाहीत.

"देवाला आवडत न्हाई मी," साळुबाई म्हणाली.

"देवाचं काय घेऊन बसलीस? ही माझ्या पोराची शाळा हाय," सारजाबाई म्हणाली आणि गप्प झाली. सारजाबाई गप्प होणं हे वळवाच्या आधी वारं पडण्यासारखं असतं. सुदर्शनला ते ओळखता यायला हवं होतं. पण तो भागीदार झाला होता, आणि भागीदारांना पुण्यात प्रशिक्षण असतं.

तो प्रशिक्षणाला गेला आणि इकडे संक्रांत आली. हळदीकुंकवाला सारजाबाईने अख्खी आळी बोलावली. दरवर्षी ती वाणाला प्लॅस्टिकच्या डब्या लुटायची. यंदा जिला जिला चिठ्ठी लागली नव्हती, तिच्या तिच्या ओटीत पट्ट्यांचा जोड पडला. उरलेलं रेक्झिन सुनेने, आरतीने, कापलं होतं, आणि धर्माजींनी मशीनवर बसून एका पायावर सगळा माल शिवला होता. "तिळगूळ घ्या, गोड बोला," सारजाबाई म्हणाली, "आन् सुदर्शनजवळ बोलूच नका."

बाया वर्षभर बोलल्या नाहीत. जोड पदराखाली वावरात न्यायच्या, तिथेच घालायच्या आणि तिथेच सोडायच्या. वर्ष सरल्यावर मारुतीच्या सभामंडपात प्रज्ञाबाईंनी निकाल वाचला. तो वर सरकारला पाठवूनही झाला होता. पट्टे मिळालेल्या बाया : सर्पदंश एकही नाही. पट्टे न मिळालेल्या बाया : सर्पदंश एकही नाही. सबब, पट्ट्यांचा उपयोग सिद्ध होत नाही. भोंगा लावलेला होता, त्यामुळे हे पार वेशीपर्यंत ऐकू गेलं.

कोणालाच साप चावला नाही म्हणून बायांनी टाळ्या वाजवल्या. सुदर्शन मात्र जमिनीकडे बघत बसला.

साळुबाईने हात वर केला. "म्हंजे मॅडम, आमचं संक्रांतीचं वाण आता परत घेणार का काय?"

सुदर्शनने मान वर करून आईकडे पाहिलं. तो हळूच म्हणाला, "आये, काय केलंस गं?"

"काय केलं? साळू रानात माझ्या मांडीला मांडी लावून भाकर खाती. तिच्या पायात चप्पल आन् माझ्या पायात पट्टा? मला घास गिळंल का?"

"अगं, पण मॅडमची माणसं विचारायला यायची, तेव्हा सगळ्याजणी खोटं बोलल्या?"

"खोटं कसलं? ती इचारायची, सरकारनं पट्टं दिलं का. सरकारनं कुठं दिलं? मी दिलं!"

प्रज्ञाबाईंनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातलाच नाही.

त्यांनी खरं काय घडलं ते वर कळवलं. उत्तर आलं, की बिघडलेला अभ्यास दुरुस्त होत नसतो आणि एकाच विषयाला दोनदा अनुदान नाही. मशीन टेम्पोत घालून परत गेलं. प्रज्ञाबाईंची बदली झाली. सुदर्शन मग पट्ट्यांसाठी बचत गटाकडून अर्ज करायचा म्हणून दुसऱ्या एका कचेरीत गेला. तिथल्या साहेबांनी कॉम्प्युटर त्याच्याकडे वळवला. "याच्यावर संशोधन झालंय, राव. उपयोग नाही असं निघालंय. कोण बरं हा उद्योग भागीदार... अरे, हे तर तुम्हीच की!"

पण सुदर्शनला खरा घाव बसला तो गावात. भोंग्यावर ऐकलेलं बायांनी खरं मानलं. सरकारनेच उपयोग नाही म्हटल्यावर उन्हात पाय कशाला उकडून घ्यायचे? तो दारोदार फिरला, "घाला गं, उपयोग व्हता म्हणून तर कुणाला चावलं न्हाई," असं सांगत. "आता व्हय? भोंग्यावर तर आमी येगळंच ऐकलं," बाया हसायच्या. आईने सांगून पाहिलं. तिचंही कोणी ऐकलं नाही. वाण काय, दरवर्षी मिळतं. कुणी पट्टा सायकलच्या सीटवर बांधला, कुणी चुलीपुढे बसायला घेतला. साळुबाईने आपला जोड पाण्याच्या मोटारीवर झाकण म्हणून घातला.

सुदर्शन अजून ट्रॅक्टरच्या सीटा शिवतो. पाटी वाऱ्याने पडली, ती त्याने परत लावली नाही.

पुढच्या आषाढात साळुबाईला उसात घोणस चावली. दवाखान्यात पोचायच्या आत ती गेली.