कडुनिंबावरचा पारा

कंपाउंडर भाईदास कधीच पुढारी नव्हता. एकोणीसशे अठरापासून रोज दुपारी तीनला तोरणमाळच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या दवाखान्याचा उष्णतामापक बघायचा आणि आकडा वहीत लिहायचा. सलग वीस वर्षं! माझ्यासारखे भाषणं ठोकणारे गल्लोगल्ली सापडतील. असा माणूस दाखवा.

त्या वहीवरून धुळ्याहून आलेल्या फॉरेस्टच्या एका साहेबाने आलेख काढला. पहिल्या टिंबापासून शेवटच्या टिंबापर्यंत पट्टी ठेवून सरळ चढती रेघ! म्हणे, पाच अंश उष्मा वाढला, कारण तोरणमाळचे लोक झाडं तोडतात. तिथल्या खात्या पावराला आणि त्याच्या भावकीला शेतांवरून उठवायची नोटीस तयार होती, सही तेवढी बाकी. खात्या दवाखान्याच्या ओट्याशी घामाघूम उभा. माझं डोकं फिरलं. तोंड उघडणार, तोच मागून भाईदास बोलला,

"साहेब, रेघ चढती नही शे. नऊ वरीस सपाट, मंग एकच पायरी, मंग परत सपाट. ती पायरी मीच करेल शे, सत्तावीस सालमा!"

मग त्याने सारं सांगितलं.

सत्तावीस साली देवीची साथ आली. बायका दवाखान्याचा कडुनिंब पुजू लागल्या, त्यावर टांगलेल्या उष्णतामापकालाही हळदकुंकू! काचेतला पारा दिसेना. भाईदासने तो काढून पत्र्याखाली, पश्चिमेच्या भिंतीवर ठोकला. वहीत मात्र तसं लिहिलं नाही.

"नोकरी जाईल तुझी," साहेब म्हणाला.

"जाऊ द्या. पन पाहा तर खरं!"

भिंतीवर एकशे आठ फॅरनहाइट. कडुनिंबावर टांगला, घड्याळ लावून अर्धा तास थांबलो. एकशे तीन!

"ऊन उतरलं असेल," साहेब गुरगुरला.

भाईदासने तो पुन्हा भिंतीवर लावला. पारा सरसर वर, एकशे आठ! मी तर भर अंगणात नाचलोच.

साहेबाने सही न करताच नोटीस खिशात घातली. भाईदासच्या नोकरीचं नावही न काढता तो धुळ्याच्या वाटेला लागला. खात्याने घाम पुसत विचारलं, "मग ऊन वाढलं की नाही, दादा?"

"ते हाई वही नही सांगत, भो. आते पारा झाडवरच ठेवसू. आनखी वीस वरीस पाहू!"

आणि भाईदासने सत्तावीसचं पान उघडून कडेला ठळक लिहिलं: जागा बदलली, चूक माझी. खाली सही ठोकली.