टारागोनाचं भुयार

डॉक्टरकाकू नसत्या तर मी अजून लंडनमधल्या हॅरोच्या त्याच घरात कोंडलेली असते. तीळ भाजायला घेतले की हे हटकून आठवतं. आठवीत शाळा सुटलेली मी, घरकामाला तिकडे गेलेली. मालकीणबाई कामावर जाताना बाहेरून कुलूप लावायच्या. संक्रांतीला त्यांच्याकडे हळदीकुंकू होतं. पाहुण्या आलेल्या डॉक्टरकाकू नवा डिजिटल कॅमेरा घेऊन स्वयंपाकघरात आल्या आणि मला सुट्टीतले फोटो दाखवायला लागल्या. स्पेनमधलं टारागोना, निळा समुद्र, त्याच्या काठावर रोमन लोकांचं दगडी रिंगण. "झुंजीआधी माणसांना ह्या खालच्या भुयारात कोंडायचे बघ." मी लाडूचे हात पुसत भीतभीत विचारलं, "त्यांच्याकडेपण किल्ली नसायची?" काकूंनी कॅमेरा खाली ठेवला. "'त्यांच्याकडेपण' म्हणजे? तुझ्याकडे नाही?" "नाही, बाहेरून कुलूप असतं." त्या तडक हॉलमध्ये गेल्या आणि सगळ्या बायकांसमोर म्हणाल्या, "अगं, मला ते वाण नको. ह्या पोरीला घराची किल्ली दे, तेच माझं वाण." हातात कुंकवाचा करंडा, भोवती एवढ्या सवाष्णी, मालकीणबाईंना नाही म्हणता येईना. किल्ली हातात आली आणि दुसऱ्याच दिवशी मी स्वतः दार उघडून बाहेर पडले. आता काकूंचे गुडघे दुखतात. पण एक दिवस मी त्यांना हाताला धरून टारागोनाला नेणार आणि त्या रिंगणाच्या पायरीवर समुद्राकडे तोंड करून बसवणार.