बुरुलचा एजेची सुती दोरी

आमच्या गावात मूल पहिलं पाऊल टाकायला लागलं की त्याच्या पायांना दोरी बांधतात. एक पदर काळ्या लोकरीचा, एक पांढऱ्या. आयुष्यात बरंवाईट दोन्ही यायचं, दोन्हीतून चालायला शिक, असा त्याचा अर्थ. मग गावातली पोरं लांबून पळत सुटतात, पहिला पोचेल तो दोरी कापतो आणि मूल मोकळं होतं. गेली तीस वर्षं आमच्या गावची ही दोरी बुरुलचा एजेच वळते; बुरुलचा हे तिचं नाव, आणि एजे आम्ही वयानं मोठ्या बाईला मानानं म्हणतो. माझ्या दोन्ही मुलांच्या पायांत तिचीच दोरी होती.

लोकर म्हटली की बुरुलचा एजे. मेंढ्यांच्या कातरणीपासून लोकर थापून केलेल्या गालिच्यांपर्यंत सगळं तिच्या हातचं. अंगात बारा महिने जाड लोकरीची, बिनबाह्यांची बंडी. उन्हाळ्यातसुद्धा. कुणी काही म्हणालं तर म्हणायची, "मेंढीला कधी उकडतं का?" नाकावर माशी बसू देत नसे.

अशा बाईच्या नातवाला इसब झाला. एर्निस तेव्हा चार महिन्यांचा. गाल लालभडक, कोपरांच्या आणि घोट्यांच्या घड्यांत ओल सुटलेली, नखांनी ओरबाडून काढायचा बिचारा. एजेनं रोज त्याला मिठाच्या पाण्यात घातलं, वर मेंढीच्या शेपटीची चरबी वितळवून चोळली आणि स्वतः विणलेल्या शालीत घट्ट गुंडाळलं. सून जाझगुल त्याला घेऊन माझ्याकडे आली. मी इथल्या दवाखान्यातली नर्स. पोराचं अंग बघून माझं डोकंच फिरलं. तशीच तिच्याबरोबर घरी गेले.

"एजे, पोराला मिठात मुरवायला तो काय काकडी आहे?"

"वा! मिठाचं तूच सांगितलं होतंस. माझ्या थोरल्या नातीच्या वेळी."

"सांगितलं होतं. तेव्हा मी मूर्ख होते."

"आणि आता शहाणी झालीस, याला पुरावा काय?"

पुरावा नव्हता. खरंच, वीस वर्षं मीच आयांना मीठ टाका म्हणत आले होते. माझ्या आईनं मला सांगितलं, मी त्यांना. नंतर नारिन शहरातल्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून माझी खरडपट्टी काढली, तेव्हा कुठे डोळे उघडले. एर्निसलाही त्यांच्याकडेच नेलं; त्यांनी तपासून एक सौम्य मलम लिहून दिलं. एजेनं त्याच्या खोक्यातली चिठ्ठी शेजारणीकडून वाचून घेतली.

"यात हार्मोन आहे म्हणे. पोराला दाढी येईल."

"मग लगेच लग्न लावून टाक. खर्च वाचेल."

ती हसली नाही. मग जाझगुलच बोलली. एरवी सासूपुढे 'आपा' या हाकेपलीकडे तोंडातून शब्द न काढणारी पोर. "आपा, दहा दिवस. फक्त दहा दिवस नर्सताई म्हणतात तसं करू या. गुण नाही आला तर तुम्ही म्हणाल ते."

एजेनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच तिची सून पळवली. पण हो म्हणाली.

काम साधंच होतं. कोमट पाण्यात पाच मिनिटं अंघोळ, मीठ नाही, साबण नाही. अंग पुसायचं नाही, टिपायचं. ओलसर आहे तोवर बिनवासाचं साधं पांढरं मलम सढळ हातानं लावायचं. डॉक्टरीणबाईंचं मलम फक्त लाल डागांवर, पातळ, त्यांनी सांगितले तेवढेच दिवस. नखं बारीक. अंगात जुनं, धुऊन मऊ झालेलं सुती. आठव्या दिवशी कोपर कोरडं पडलं. दहाव्या दिवशी पोरगं दुपारी सलग झोपलं, आणि त्याच्याबरोबर त्याची आईही.

एक गोष्ट मात्र सुधारली नाही. आजीनं मांडीवर घेतलं की एर्निस किंचाळायचा. गाल घासायचा, मान वळवायचा, आईकडे हात पसरायचा. एजेला ते जिव्हारी लागलं होतं. "सुनेनं पोराला माझ्याविरुद्ध शिकवलंय," असं ती अख्ख्या गल्लीला सांगत फिरे. चार महिन्यांच्या पोराला कोण काय शिकवणार! पण दुखावलेल्या माणसाला हिशेब कुठे कळतो?

मला कारण दिसत होतं. सांगायचा धीर झाला नाही. एवढी तोंडाळ असूनही.

महिन्याभरानं एका दुपारी ती दवाखान्यात आली. अंगात नुसता सुती झगा, हातात बंडी.

"ही धुवून वाळत घातली होती," ती म्हणाली. "तो माझ्या मांडीवर झोपला. दोन तास. मी हललेसुद्धा नाही, पाय बधिर झाला माझा. संध्याकाळी बंडी घातली, पुन्हा उचलला, तर तेच रडणं." तिनं बंडी माझ्यासमोर टेबलावर टाकली. "तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"एजे, तुला तुझी लोकर सोड कसं सांगणार?"

ती बाकावर बसली आणि रडली. मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं, नवरा गेला तेव्हाही नाही. "आणि मी त्या पोरीला काय काय बोलले गं," एवढंच म्हणाली. घरी जाऊन सुनेला काय म्हणाली ते मला माहीत नाही. पण दुसऱ्या दिवशी गल्लीत जाझगुल मला पाहून उगाचच हसली.

एर्निसचा इसब पूर्ण गेला नाही. थंडी पडली की घोट्यांवर डोकावतो, मग पुन्हा ते सौम्य मलम, पुन्हा कोमट पाणी. तेरा महिन्यांचा झाला आणि ऑक्टोबरात त्याच्या दोरीचा दिवस ठरला. अख्खं गाव अंगणात. एजेनं खिशातून दोरी काढली आणि बायकांत कुजबुज सुरू झाली. दोरी सुती होती. पांढरा पदर तिच्या स्वतःच्या डोक्याला बांधायच्या जुन्या रुमालाचा, काळा सुनेच्या टी-शर्टाचा. त्याच टी-शर्टाला ती वर्षभर नावं ठेवत होती.

"लोकर नाही?" एक म्हातारी म्हणाली. "असं कसं चालेल?"

"चालायचंय त्याला की तुला?" एजे म्हणाली आणि नातवाच्या घोट्यांना हलकेच गाठ मारली.

पोरं धावली, दोरी कापली गेली. एर्निस डुलत उभा राहिला. एका बाजूला आईनं हात पसरले, दुसऱ्या बाजूला बापानं. डोंगरावरून बोचरा वारा येत होता आणि एजे समोर पातळ सुती झग्यात उभी, दात वाजत होते. कुणीतरी मागून तिच्या खांद्यावर लोकरीचा कोट टाकला. तिनं तो झटकला.

"काढ ते. पोरगं यायचंय."

एर्निस एकदा पडला. उठला. आईवरून, बापावरून नजर फिरवली, आणि चार पावलं टाकत सरळ आजीच्या झग्यावर जाऊन आदळला. गाल कापडात खुपसून तिथेच राहिला. रडला नाही.

एजेनं त्याला उचललं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आवाज मात्र नेहमीचाच.

"जाझगुल, बघ तुझा लेक. नाक पुसतोय माझ्या अंगाला."