सुगंधाबाईची भूक आणि मार्गशीर्षातले गुरुवार

आठ महिने सुगंधाबाईला भूक म्हणून लागली नव्हती. मार्गशीर्ष लागायच्या तोंडावर, घरच्या धानाचा नवा तांदूळ चुलीवर रटरटत असताना, ती परत आली. वाफ नाकात गेली आणि पोटात खड्डा पडला. सुगंधाबाईच्या हातातला पळा जागीच थांबला. साप दिसल्यावर बाई थांबते, तसा.

भुकेला कुणी एवढं भितं का? पण जिने त्या भुकेपायी पोट कापून घेतलं, तिने भ्यायचं नाही तर कुणी?

ब्रह्मपुरीहून वैनगंगेच्या अंगाला गेलं की लागणाऱ्या त्या गावात सुगंधाबाईचा देह सगळ्यांच्या थट्टेचा होता. धानाच्या रोवणीला बांधीतल्या चिखलात उतरली की पाय निघायचा नाही. शेजारची रंभा शेताच्या धुऱ्यावरून ओरडायची, "ट्रॅक्टर फसला वो, दोर आणा!" बाया हसायच्या. सुगंधाबाईही हसायची, आणि घरी येऊन दोन वाट्या भात जास्त खायची. पुढे साखर वाढली, गुडघे गेले, देवापुढे बसली तर उठवायला दोघं लागायची. नागपूरच्या डॉक्टरने सांगितलं, पोट छोटं करावं लागेल. चैत्रात ऑपरेशन झालं. परातीएवढं पोट मुठीएवढं झालं.

दवाखान्यात जेवणाचं सांगायला आचल मॅडम म्हणून एक पोरसवदा बाई होत्या. त्यांनी समोर बसवून एकेक गोष्ट सांगितली. आधी मूग, डाळ, अंडं, मासोळी. भात शेवटी, आणि तोही दोन चमचे. घास बोराएवढा. चावून चावून त्याचं पाणी करायचं. जेवताना पाणी प्यायचं नाही. नाकातून पाणी यायला लागलं की पोट भरलं असं समजायचं आणि ताट सारायचं. दर तीन तासांनी थोडं थोडं खायचं. उपास नाही. गोड तर नाहीच. गोड खाल्लं की छाती धडधडेल, घाम फुटेल, हात कापतील, तेव्हा गुपचूप आडवं व्हायचं. आणि एक परीक्षा सांगितली होती. "भूक लागली असं वाटलं ना बाई, की स्वतःला विचारा, आता उकडलेले मूग चालतील का? चालतील म्हटलं तर पोटाची भूक. फक्त शिरा-भातच पाहिजे म्हटलं, तर मनाची."

चुलीपुढे सुगंधाबाईने स्वतःला विचारलं. उत्तर आलं, मूग नको. नवा भात, वर दूध आणि गूळ. म्हणजे मनाची. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पोट खरोखरच गुरगुरलं आणि मूगही चालतील असं वाटलं. मग तर तिचं धाबंच दणाणलं. पोट परत वाढलं का? सगळं फुकट गेलं का? मॅडमला फोन लावावा, तर नवरा धनराज विचारणार, काय झालं म्हणून. त्याने दवाखान्यात तिच्या खाटेखाली सतरंजी टाकून दिवस काढले होते. त्याला कुठल्या तोंडाने सांगायचं?

तिने आपला इलाज शोधला. उद्या मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. लग्न होऊन आल्यापासून महालक्ष्मीचं व्रत तिने कधी चुकवलं नव्हतं. यंदा तर पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. भुकेला उपासानेच मारायचं. देवीची सेवाही होईल आणि भूकही ठिकाणावर येईल.

गुरुवारी संध्याकाळपर्यंत तिची बोटं गार पडली. पाटावर कलश मांडला, पाच पानं लावली, हार घातला, शेजारच्या बाया आल्या, कथा वाचून झाली. आरतीनंतर सासू गिरजाबाईने नैवेद्याच्या शिऱ्याची वाटी तिच्या हातात दिली. तूप वर तरंगत होतं.

"घे. परसादाले नाई म्हणू नये."

तिने एक चमचा घेतला. शिऱ्याला चावावं लागत नाही, घसरत जातो. नाकातून पाणी आलं तोवर वाटी रिकामी झाली होती, आणि तिने ती बोटानेही पुसून घेतली होती.

बाया कुंकू लावून घेत होत्या. सुगंधाबाईचे कान तापले. छातीत कुणी ढोल बडवावा तसं झालं. कपाळावरून घाम गळायला लागला, हात थडथड कापायला लागले, मान डुलायला लागली. अंबाडा सुटून केस पाठीवर आले.

"अवो माय!" रंभा किंचाळली. "अंगात आली वो! सुगंधाबाईच्या अंगात आई आली!"

तिला आडवं व्हायचं होतं. बायांनी तिला पाटावर ताठ बसवलं. कुणी कापूर लावला, कुणी मळवट भरला. जीभ जड झाली होती, शब्द फुटेना. रंभा पुढे झाली आणि तिने पायांवर डोकं ठेवलं. ज्या पायांना चिखलात पाहून दोर मागवत होती, त्याच पायांवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंभा नारळ आणि पेढे घेऊन आली. "बाई, आमच्या आळीवर लक्ष असू द्या." बाई! काल-परवापर्यंत 'अवं सुगंधे' होतं. सांगून टाकावं म्हणून सुगंधाबाईने तोंड उघडलं, की देवी कुठली, वाटीभर शिरा खाल्ला होता. पण रंभा परत वाकली, आणि ते उघडलेलं तोंड तसंच मिटलं.

नंतरचा आठवडा वाईट गेला. घरात पेढे आले, गूळ आला, खोबरं आलं. जाता-येता हात डब्यात जायचा. पेढा जिभेवर विरघळायचा, पोटाला कळायचंही नाही. मग थोड्या वेळाने घाम, आणि मग परत भूक, आधीपेक्षा मोठी. दुसऱ्या गुरुवारी ओसरी बायांनी भरली. पुन्हा कोरडा उपास, पुन्हा शिरा, पुन्हा थरथर. बाया गेल्यावर ती परसात जाऊन भिंतीला धरून बसली. पोटात मुरडा उठला होता, डोळ्यांपुढे काजवे. तिला वाटलं, आपण इथेच पडलो, तर बाया याचाही चमत्कार करतील.

सकाळी हात धुताना तिचं लक्ष बांगड्यांकडे गेलं. ऑपरेशनआधीच्या बांगड्या कोपरापर्यंत घसरायला लागल्या होत्या, म्हणून दिवाळीत कासाराकडून लहान मापाच्या भरल्या होत्या. त्या मनगटावर सहज फिरायच्या. आज फिरेनात. साबण लावला तरी रुतून बसल्या. तिने पदराखाली हात लपवला, घरात कुणी नसतानाही.

त्याच दुपारी रंभा सुनेला घेऊन आली. मयुरी तिचं नाव, कोवळी पोर. एक हात बरगडीखाली दाबून धरलेला, डोळे पिवळट.

"हिच्या पित्तात खडे हायेत म्हणते डॉक्टर," रंभा म्हणाली. "पुढच्या शुक्रवारी ब्रह्मपुरीले भरती करा म्हणते, ऑपरेशन लागते म्हणते. मी म्हटलं, आधी गुरुवारी आईले विचारतो. आई नाई म्हणन, त नाई. लिंबू भारून दिला तरी खडे विरघळतेत, असं म्हणतेत ना बाई?"

मयुरीने सुगंधाबाईकडे पाहिलं फक्त. ती नजर सुगंधाबाईला ओळखीची होती. ऑपरेशनच्या आधी आरशात तीच होती.

त्या दोघी फाटकाबाहेर पडल्या नाहीत तोच सुगंधाबाई फोन घेऊन परसबागेत गेली आणि वालाच्या वेलामागे बसून तिने आचल मॅडमना सगळं सांगितलं. शिरा, पेढे, बांगड्या, देवी, सगळं. सांगताना रडत होती.

मॅडम रागावल्या नाहीत. त्याने तिला आणखीच रडू आलं.

"बाई, भूक येणारच होती. आठ-दहा महिन्यांनी बहुतेकांना येते. ती आली म्हणून काही बिघडलं नाही. तुम्ही तिला दिवसभर उपाशी ठेवलं, म्हणून ती गोडावर तुटून पडली. तिला वेळेवर मूग द्या, ती मुकाट बसेल."

"पोट वाढलं असन त?"

"ते तपासल्याशिवाय मी नाही सांगू शकत. दोन आठवड्यांनी या. आणि उपास बंद. आजपासून."

फोन ठेवून ती वळली तर मागे धनराज. हातात वालाच्या शेंगांची टोपली. किती ऐकलं, हे त्याच्या तोंडावरूनच कळत होतं.

"मले काऊन नाई सांगितलं?"

"तुम्ही खाटेखाली झोपले होते ना दवाखान्यात," ती म्हणाली. "म्हणून नाई सांगितलं."

तो टोपलीतली एक शेंग सोलत उभा राहिला. मग म्हणाला, "आता मायले सांग. मी राहतो बाजूले."

गिरजाबाई ओसरीवर वाती वळत होती. सगळं ऐकून तिने वात खाली ठेवली. सुगंधाबाई शिव्यांची वाट पाहत उभी.

"मले वाटलंच होतं," गिरजाबाई म्हणाली. "आई अंगात येते त वाटी बोटानं पुसून नाई खात."

धनराजला हसू फुटलं. म्हातारीने त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. "हासू नको. व्रत अर्धं झालं. आता उपास सोडला अन् कोप झाला त? नांदतं घर हाये."

हीच भीती सुगंधाबाईच्याही काळजात होती. डॉक्टरला देवी कळत नाही, देवीला डॉक्टर कळतो का, हे तिला कोण सांगणार?

"उपास मी धरतो," धनराज म्हणाला. "पूजा तिनं करावी. घरातल्या कोणी धरला तरी चालते ना माय?"

"तुम्ही?" सुगंधाबाई म्हणाली. "न्याहारीले उशीर झाला त बैलावर वसकता!"

"बैल सोसन एक दिवस."

गिरजाबाईने वात परत हातात घेतली. "चालते," एवढंच म्हणाली. आपल्यालाच बजावल्यासारखं.

तिसऱ्या गुरुवारी ओसरीत पाय ठेवायला जागा नव्हती. मयुरीला भिंतीशी टेकवून बसवलं होतं. तिचे डोळे आठवड्यात आणखी पिवळे झाले होते. धनराज दाराशी, तोंड सुकलेलं. सुगंधाबाईने दिवसभर वेळेवर खाल्लं होतं, पण कथा लांबली आणि खायची वेळ मध्येच येऊन ठेपली. कथा संपली. नैवेद्य अजून दाखवायचा होता. तिने पाटामागून झाकलेली वाटी काढली आणि सगळ्यांसमोर उकडलेले मूग चमच्याने तोंडात घातले.

पुढच्या बाया मागे सरकल्या.

"अवो बाई! निवदाच्या आधी उष्टं!" कुणीतरी म्हणालं.

सुगंधाबाईने घास चावून चावून गिळला. इतका वेळ लागला की तिचं तिलाच ओशाळं वाटलं. मग म्हणाली, "माझ्या अंगात आई नाई येत वो. शिरा येते. माझं पोट कापलेलं हाये. गोड खाल्लं का घाम फुटते, हात कापतेत. डॉक्टरनं आधीच सांगितलं होतं. मी उपाशी राहून वाटीभर खाल्लं, दोन्ही वेळा."

रंभाने मान हलवली. "आई परीक्षा पाहून राह्यली आपली." तिने नैवेद्याची वाटी उचलून पुढे धरली. "घ्या बाई. घ्या, मंग सांगा मयुरीचं."

तूप, वेलची, भाजलेला रवा. सुगंधाबाईच्या तोंडाला पाणी सुटलं. मूग पोटात असूनही हात गुडघ्यावरून उठला, हे तिला नंतर कळलं. एक चमचा. सगळ्या बाया पाहत होत्या. एका चमच्यात सगळं जागच्या जागी येणार होतं, पाया पडणं, बाई म्हणणं. भीती वाटली ती हीच, की आपण घेऊ. तिने तो हात वाटीखाली सरकवला आणि वाटी देवीपुढे ठेवली.

"हे तिचं हाये," ती म्हणाली. मग मयुरीकडे वळली. "पोरी, उद्याची तारीख सोडू नको. मलेही कापलं. मी बसली हाये ना तुह्यापुढं."

"म्हणजे दोन गुरुवार आमाले पाया पडवलं?" रंभाचा आवाज चढला.

"हो."

"काऊन?"

"तू मले ट्रॅक्टर म्हणत होती ना रंभा. पाया पडली त बरं वाटलं."

कुणी हसलं नाही. रंभा लाल झाली, उठली, सुनेचा हात धरून आरतीही न घेता निघून गेली. तिचा नारळ तिथेच राहिला. हळूहळू बाकीच्याही उठल्या. एक म्हातारी जाता जाता म्हणाली, "असं देवाच्या नावानं करू नये माय," आणि सुगंधाबाईने मान खाली घालून ते ऐकून घेतलं. आरती घरच्या तिघांनीच केली. प्रसाद घेऊन धनराजने उपास सोडला आणि भाताचा पहिला घास डोळे मिटून खाल्ला.

सकाळी न्याहारीच्या वेळी सुगंधाबाई ओसरीवर वाटी घेऊन बसली, तोंड रस्त्याकडे. रंभाचं दार बंद होतं. एक घास, चावणं, परत रस्ता. लिंबू तर नाही भारून आणला कुठून? ब्रह्मपुरीची बस येऊन गेली, तिच्यातही कुणी चढलं नाही. तिला लगेच डब्यातला उरलेला पेढा आठवला. तिने स्वतःला विचारलं, मूग चालतील? नाही चालत म्हणालं मन. ती तरी मूगच चावत राहिली.

मग आळीत ऑटो आला. रंभाने मयुरीला धरून आत बसवलं, मांडीवर कपड्यांची पिशवी घेतली. ऑटो सुगंधाबाईच्या फाटकावरून गेला तेव्हा रंभाने इकडे पाहिलं नाही. मयुरीने पाहिलं.

धूळ बसेपर्यंत सुगंधाबाई बघत होती. नाकातून पाणी आलं. वाटीत दोन चमचे मूग उरले होते. तिने ते शेजारी न्याहारीला बसलेल्या धनराजच्या ताटात सारले. मग डावा हात पदराबाहेर काढून बांगडी फिरवून पाहिली. फिरली नाही. पुढच्या आठवड्यात नागपूरला जायचं होतं. तिने पेढ्यांचा डबा उचलला आणि सासूच्या पुढ्यात नेऊन ठेवला.

"आत्याबाई, हा तुमच्या पेटीत ठेवा. अन् किल्ली मले देऊ नका. मागितली तरी."