तुझं रक्त नको

भास्कर गेल्याचा फोन आला तेव्हा मी मखमलाबादच्या मळ्यात शेवंतीला पाणी देत होतो. त्याच्या बायकोने, मंगलवहिनींनी, एवढंच सांगितलं, "भावजी, हे गेले." मी मोटार बंद केली आणि बांधावर बसून राहिलो. दीड महिना होऊन गेला त्याला. खरं सांगायचं तर आधी मला त्याचा रागच आला. शाळेपासूनचा मित्र, आणि त्याच्यासाठी मला एकच गोष्ट करायची होती, तीसुद्धा त्याने करू दिली नाही...

भास्कर नाशकातल्या एका रुग्णालयाच्या रक्तपेढीत तंत्रज्ञ होता. नव्वदच्या दशकात माझी धाकटी बहीण सुमन तिथेच बाळंत झाली. मुलगी सुखरूप होती, पण सुमनचं रक्त जायचं थांबेना. ग्रुप ओ पॉझिटिव्ह, म्हणजे कुठेही मिळणारा. भाऊबंदांनी भाजीचा टेम्पो काढला आणि तासाभरात आठ जण बाह्या सरसावून हजर झाले. मी सुईला जन्माचा भित्रा, म्हणून धावपळ अंगावर घेऊन सगळ्यांवर ओरडत फिरत होतो. सुमनच्या रक्तावर निवळलेलं पिवळसर पाणी घेऊन भास्कर त्यात एकेकाच्या रक्ताचा थेंब मिसळून बघायचा. दर वेळी काचेवर गुठळ्या, नासलेल्या दुधासारख्या. थोरल्या दादाच्या रक्ताचंही तेच झालं तेव्हा मात्र आमची माणसं खवळली. सख्ख्या भावाचं रक्त चालत नाही म्हणजे काय? ग्रुप तोच, आईबाप तेच! वरून डॉक्टरांचा निरोप आला, आहे ती ओची बाटली पाठवा, पेशंट हातची चालली आहे. भास्कर नाही म्हणाला. मी त्याची कॉलर धरली आणि विचारलं, तुझी बहीण असती तर?

"तरी दिली नसती," तो म्हणाला. "ही चढवली तर ती आत्ता जाईल, दिनू."

मग तशाच अवस्थेत, कॉलर माझ्या मुठीत असताना, त्याने एक भलतंच विचारलं. माझी आई वडिलांच्या नात्यातली का? माझं डोकंच फिरलं. बहीण मरणाच्या दारात आणि हा सोयरीक विचारतोय! उत्तर दादाने दिलं. आई वडिलांची मामेबहीण. आमच्यात मामाची मुलगी करायची पद्धतच होती. भास्करने माझा हात सोडवला, आणि मी पळून जायच्या आत माझ्या बोटाला सुई टोचली. आठ जणांचं रक्त तपासलं होतं, माझंच राहिलं होतं. तो काच हलवत राहिला. वर सुमनची नाडी लागेनाशी झाली होती, आणि खाली आम्ही सगळे त्या एका थेंबाकडे बघत उभे... थेंब पसरला आणि तसाच राहिला. गुठळी नाही.

माझी एक बाटली आणि डॉक्टरांचे हात, यावर सुमन वाचली. पुढे मुंबईहून तपासणी होऊन आली. आम्हा दोघांचा ग्रुप बाँबे, हजारोंत एखाद्याचा. भास्करने मला चहा पाजत समजावलं की तांबड्या पेशींवर खुणा असतात, ओळखीच्या खुणेला रक्त घरात घेतं, परक्या खुणेवर तुटून पडतं. ओ ग्रुपवरही एक मूळ खूण असते, तुमच्या दोघांच्यात तीही नाही, म्हणून साध्या तपासणीत ग्रुप ओच दिसतो. नात्यातल्या लग्नात अशी उणीव दोन्हीकडून येऊन जुळते, म्हणून त्याने तो प्रश्न विचारला होता. तेव्हापासून तो माझ्या मागेच लागला. मोटरसायकल सावकाश चालव, कावीळ होईल असं काही पिऊ नको, गाव सोडताना मला सांगून जा. मी म्हणायचो, माझी आईसुद्धा इतकं विचारत नाही. कॉलरबद्दल माफी मागायचं मात्र राहूनच गेलं.

या वर्षी भास्करलाच रक्ताच्या उलट्या झाल्या. लिव्हर गेलेलं होतं. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा त्याला दुसरी बाटली लागलेली होती. मी बाही वर केली.

"तुझं रक्त नको," तो म्हणाला. "माझ्या ग्रुपच्या बाटल्या फ्रिजमध्ये पडून आहेत. सुमनचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे ना? आज दिलंस तर तीन महिने देता येणार नाही. तिला कोण आहे?"

सुमनच्या पोटातली गाठ काढायची होती, हे मला का ठाऊक नव्हतं? पण समोर हा पिवळा पडलेला, आणि मी नुसता बघत बसू? मी मान हलवून बाहेर पडलो आणि सरळ त्याच्या रक्तपेढीत गेलो. म्हटलं, कोणालाही द्या, पण त्याच्या नावावर माझी एक बाटली लागू दे. तिथली तंत्रज्ञ मुलगी कसनुसं हसली. भास्करसरांचा आत्ताच फोन येऊन गेला, म्हणाली. दिनकर येईल, भांडेल, त्याला सुई लावायची नाही. मी तिथे उभ्या उभ्या त्याला शिव्या घातल्या.

दोन दिवसांनी तो गेला.

सुमन आता बरी आहे. ऑपरेशनमध्ये बाटली लागली. ती देण्यासाठी आदल्या सकाळी मी रक्तपेढीतल्या त्या लांबट खुर्चीवर पडलो होतो. समोर खिडकीपाशी भास्करचं उंच स्टूल, त्याच्यावर कोणी बसलं नव्हतं. मुलीने दंडाला पट्टा बांधला, शीर शोधली, सुई घातली. या वेळी मला कोणी अडवलं नाही, आणि मी तिथे पडल्या पडल्या हमसून हमसून रडलो.