महालक्ष्मीच्या कोठीतले गहू

नव्वदच्या दशकातली ती घटना अजूनही एखाद्या स्वप्नासारखी डोळ्यांसमोर तरंगते. भाद्रपदातलं मऊ ऊन पोलीस ठाण्याच्या फरशीवर पसरलं होतं आणि माझ्या टेबलापुढं आष्टीचा एक धान्याचा व्यापारी उभा होता.

"सायेब, पेटीतलं सारं सोनं गेलं. आमची कामवालीच चोर हाय!"

आदल्याच दिवशी महालक्ष्म्यांचं विसर्जन झालं होतं. तक्रार लिहून घेतो न घेतो तोच खबऱ्याचा निरोप आला, ती बाई शेठच्या घरून जड गाठोडं घेऊन गेली. सगळं कसं सरळ होतं. इतकं सरळ प्रकरण दिसलं की मला जरा शंकाच येते.

बाईला गाठोड्यासह ठाण्यात आणलं. एकटी विधवा, पण रडली नाही.

"मालकीणबाईनं दरवर्षीसारखे देवीच्या कोठीतले गहू, कोठीच्या खालच्या तोंडाले फडकं लावून, देले, सायेब. नवरात्रात घटात पेरासाठी ठेवले, गाठ बी सोडली नाई. आता चोर म्हटल्यावर मले कामावर कोण ठेवीन?"

आमच्याकडे धान्यानं भरलेल्या पत्र्याच्या कोठीवर मुखवटा बसवून, लुगडं नेसवून महालक्ष्मी उभी करतात. मी व्यापाऱ्याकडे वळलो.

"पेटीचं कुलूप तुटलंय का?"

"नाई."

"किल्ली कुणाकडे?"

"माह्याजवळच."

"मग सोनं गेलं कसं?"

त्यानं मान खाली घातली. "देवीच्या कोठीत ठेवलं होतं, सायेब. गव्हाखाली. तिथं कोण हात घालते?"

बायकोलाही त्यानं हे सांगितलं नव्हतं.

पंचांसमोर गाठोडं सोडलं. गहू ओतले, तसे त्यातून हार, पाटल्या, गोफ हळूहळू सरकत बाहेर आले. व्यापाऱ्यानं त्यावर झडप घातली. बाईकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. मला त्याचा मनस्वी संताप आला.

बाईच्या पाठोपाठ त्याची बायकोही ठाण्यात येऊन मागं उभी होती. तिनं आधी बाईचे हात धरले, माफी मागितली. मग नवऱ्याला म्हणाली, "तीन दिवस देवी घरी होती. एकदा तरी तिच्या तोंडाकडं पाह्यलं काय तुम्ही? कोठीकडंच पाहून राह्यलते."

तक्रार निकाली काढली. बाई आपले गहू घेऊन मालकिणीबरोबर गेली. पैशाच्या भरवशावर जगणाऱ्याला देव घरी येऊनही दिसत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो.

व्यापारी तेवढा बसून राहिला. सोनं पोटाशी धरून त्यानं घाबऱ्या आवाजात विचारलं, "सायेब, आता हे ठेवू कुठं?"